‘चिकित्सक ठाणेकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गुरांच्या आजारांच्या अभ्यासातून माणसांची औषधं कशी मिळाली, हे सांगणाऱ्या ‘गोठ्यातून दवाखान्यात’ या माझ्या मागच्या लेखावर तुमची कमेंट रात्री पावणेएकला आली. मी ती सकाळी वाचली आणि चहा तसाच गार झाला. इतरांसाठी ती इथे देतो (वॉरफरिन म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध): “वॉरफरिन गुरांच्या डॉक्टरांनी नाही, एका रसायनशास्त्रज्ञानं शोधलं. प्राण्यांवर चाललेली बहुतेक औषधं माणसांवर फसतात, ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. एक-दोन योगायोगांवर सिद्धांत उभा राहत नाही. नौपाड्यात फ्लॅटमध्ये बसून गोठ्याच्या गप्पा मारणं सोपं असतं, काका.”

‘काका’बद्दल तक्रार नाही, वय झालंच आहे. पण त्याच्या आधीचं जे आहे, ते मला लागलं.

माझं बालपण मुरबाड तालुक्यात गेलं. वडील गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांचे मदतनीस होते. बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाची लस टोचायला ते पाड्यापाड्यांवर पायी जायचे, खांद्याला बर्फाचा थर्मास. पाऊस लागायच्या आत घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या रोगांची टोचणी उरकायची घाई असायची. फाशी रोगानं (अँथ्रॅक्सनं) मेलेलं जनावर कापायचं नाही, कातडं सोलायचं नाही, खोल पुरायचं, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. वार अडकलेल्या म्हशीपाशी भर पावसात रात्री कंदील धरून मी उभा राहिलोय, तेव्हा सहावीत होतो. बुळकांडी जगातून गेली असं २०११ साली जाहीर झालं. ती बातमी वडिलांना वाचून दाखवली, तर म्हणाले, “मग आता थर्मास भंगारात द्यायला हरकत नाही.” फ्लॅट आहे माझा, कबूल. पण त्यात राहायला आलेला माणूस कुठून आला, हे विचारायची रीत असते. तुम्ही तर स्वतःचं नावसुद्धा सांगितलेलं नाही. चिकित्सक म्हणवून घ्यायचं तर आधी चौकशी तरी करावी.

आता वॉरफरिन. एक चूक मान्य करतो. ‘कुजक्या चाऱ्यात वॉरफरिन सापडलं’ असं मी लिहिलं होतं. चाऱ्यात सापडलं ते डायकुमारॉल, रक्त गोठू न देणारा पदार्थ; वॉरफरिन हे त्याचं पुढे प्रयोगशाळेत तयार केलेलं भावंड. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण ‘गुरांच्या डॉक्टरांनी शोधलं नाही’ हे असं झटकून टाकू नका. १९२०च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्रावानं मरू लागली. शिंगं काढली किंवा खच्चीकरण केलं, की जखम वाहायची थांबेना. कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी स्वीट क्लोव्हर या चाऱ्याच्या एकाच गंजीतली चांगली काडी आणि बुरसटलेली काडी वेगळी केली आणि दोन सशांना घातली. चांगलीवाला जगला, बुरशीवाला रक्तस्रावानं मेला. दोन ससे, बस्स. नंतर नॉर्थ डकोटात ली रॉडरिक या पशुवैद्यांनी दाखवलं, की या गुरांच्या रक्तातलं प्रोथ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठायला लागणारं प्रथिन, घटतं, म्हणून रक्त गोठत नाही.

तुमचे रसायनशास्त्रज्ञ, कार्ल लिंक, यांच्या दारात १९३३च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन आला. बिचारा खरं तर सरकारी पशुवैद्याकडे निघाला होता, ते ऑफिस बंद होतं. त्यानंतर लिंक यांच्या प्रयोगशाळेला चाऱ्यातला तो पदार्थ, म्हणजे डायकुमारॉल, शुद्ध रूपात हाती यायला सहा वर्षं लागली. मोठं काम, कोण नाही म्हणतंय? पण काय शोधायचं आणि कुठल्या काडीत शोधायचं, हे त्यांच्या आधी दहा वर्षं गोठ्यातल्या माणसांनी सांगून ठेवलं होतं. वॉरफरिन १९४८ साली उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ साली माणसाला द्यायची परवानगी मिळाली.

माझ्या आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. त्याच घराण्यातली गोळी ती रोज रात्री घेते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते महिन्याला तपासायचं, आकडा वर गेला की अर्धी गोळी कमी, खाली आला की मला बोलणी, कारण गोळीचा असर कमी करणारी पालकाची भाजी मी आणलेली असते. तुम्ही ज्याला योगायोग म्हणता, त्यावर आमच्या घरात एक बाई चालती-बोलती आहे.

आणि ‘एक-दोन’ म्हणजे किती हो? क्षयाच्या बीसीजी लसीतला ‘जी’ म्हणजे कामील गेराँ, पशुवैद्यच. गाईच्या क्षयाचा जंतू त्यांनी आणि त्यांचे सहकारी कालमेत (लसीतला ‘सी’) यांनी १३ वर्षं, २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवून नरम केला, तेव्हा १९२१ साली पहिल्या बाळाला लस मिळाली. तुमच्या दंडावर वण असेल तर बघा. गोचीड रोग पसरवतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि पशुवैद्य किलबोर्न यांनी गुरांमध्ये १८९३ साली सिद्ध केलं, मलेरिया डासामुळे पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी दाखवण्याआधी चार वर्षं. आणखी हवीत का?

राहिलं फसणाऱ्या औषधांचं. तुम्ही बोलताय प्रयोगशाळेत मुद्दाम आजारी पाडलेल्या उंदरांबद्दल, मी लिहिलं होतं आपसूक आजारी पडलेल्या गुरांबद्दल. दोन्ही एकच समजून मला ‘सोयीस्कर’ म्हणणं हे फार झालं. तो विषय मोठा आहे, लिहीन कधीतरी.

तुमची कमेंट काढलेली नाही, काढणारही नाही. पुढची लिहिलीत तर कृपया नावानिशी, आणि उत्तराची घाई करू नका. उद्या सकाळी आईला रक्त तपासायला न्यायचंय, उपाशीपोटी जायची गरज नसली तरी ती उपाशीच जाते, त्यामुळे लवकर निघावं लागतं.