मंगळाचे फोटो

वधूवर सूचक मंडळाच्या वेबसाइटवर फोटो चढत नव्हते. पत्रिका चढत होत्या. मी लॅपटॉप उघडायच्या आत मंडळाच्या काकांनी निदान सांगून टाकलं.

"मंगळ असलेल्यांचेच अडकतात."

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी वही काढली. फोटो अडकलेल्या स्थळांची नावं, पुढे लाल शाईत 'मं.'. "हा बघ, चतुर्थातला. ही अष्टमातली. ह्याचा सौम्य आहे, म्हणून खटपट करून गेला एकदाचा."

"काका, सर्व्हरला पत्रिका कळत नाही."

"मग पत्रिका बरी घेतो?"

पत्रिका म्हणजे इवलीशी पीडीएफ. फोटो हल्लीच्या मोबाइलचा, चार-पाच एमबीचा. एनजिनएक्स, म्हणजे सर्व्हरचा दरवान, मुळात 1 एमबीच्या वरचं काही दारातच घेत नाही, 413, म्हणजे 'फार मोठं आहे', म्हणून हाकलतो. ते सैल केलं, तर आत वेबसाइट चालवणारं पीएचपी बसलेलं, एका फाइलला 2 एमबी. "फोटोचं वजन जास्त आहे," मी म्हणालो.

"छे! मुलगा 58 किलो. लिहिलंय की वर."

तीही मर्यादा वाढवली, पीएचपी चालवणारं एफपीएम रीस्टार्ट केलं. एक फोटो गेला. काकांनी लगेच उभा, बसलेला आणि गॉगलमधला असे तीन एकदम लावले. पान परत आलं, कोरं करकरीत: 'कृपया नाव भरा.' नाव, गोत्र, उंची, रास, सगळं साफ.

"बघ! कुळासकट गिळला."

इथे मात्र मला काकांची बाजू घ्यावीशी वाटली. अख्ख्या फॉर्मची मर्यादा वेगळी, 8 एमबी. ती ओलांडली की पीएचपी फोटोंबरोबर भरलेली अक्षरंही टाकून देतं, आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, एक ओळ खरडून गप्प बसतं. समोरच्या माणसाला अवाक्षर नाही. तासभर टाइप केलेल्या मुलीच्या आईला वाटतं, आपलंच काही चुकलं. ह्यापेक्षा मंगळ परवडला, निदान तो कुठल्या घरात बसलाय ते तरी कळतं!

हाही आकडा वाढवला. तिन्ही फोटो चढले, गॉगलसकट. काकांनी वहीतल्या त्या नावापुढे हिरव्या शाईत 'शांती झाली' लिहिलं.

पैशांचं काढलं, तर म्हणाले, "तीन आकडे तर बदललेस. गुरुजीसुद्धा एवढे घेत नाहीत." गुरुजींना शिधा मिळतो, नारळ मिळतो, वर वाकून नमस्कार. मला चहासुद्धा अर्धाच मिळाला होता.

"बिल पीडीएफ करून पाठव," काका दारातून ओरडले, "फोटो नको!"

पाठवलं. नव्वद केबी आहे. अडकलंय.