स्वर्ग दोन बोटं

गाडी ३५ मिलिमीटर खाली घेतली, म्हणजे तिचं धूड चाकांवर तेवढं खाली बसवून घेतलं, त्या संध्याकाळी मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. हे अलंकारिक नाही. टायरचा माथा आणि मडगार्डची कड यांच्यामध्ये आधी माझी चार बोटं सहज जायची, आता मोजून दोन. खाली घेतलेल्या गाडीची फट बोटांनीच मोजायची असा रिवाज आहे, आणि बोटं कुणाची हे विचारायचं नाही असाही. माझा एक मित्र या विषयातला अधिकारी पुरुष समजला जातो. त्याचं एक बोट म्हणजे माझं दीड. त्याने बोट घालून पाहिलं आणि फट जेमतेम सव्वा असल्याचं जाहीर केलं. मला आणखीच आनंद झाला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला. उजेडात पाहिलं तर गाडी खाली आली होती खरी, पण चाकं आत गेल्यासारखी दिसत होती. थोरल्या भावाचा कोट घातलेल्या मुलाचे हात बाहीत कुठेतरी हरवतात, तशी. मी मित्राला फोन केला.

"तुझा ऑफसेट चुकलाय," तो म्हणाला. आधी मला वाटलं, हे माझ्या एकूण आयुष्याबद्दल आहे.

ऑफसेट म्हणजे काय, हे तुम्हाला सांगतो, कारण मी ते घरात सगळ्यांना सांगून झालं आहे आणि आता माझ्याशी कुणी बोलत नाही. रिम रुंदीच्या बरोबर मध्यावर चिरली आहे अशी कल्पना करा. ही चीर, आणि रिमचा जो भाग हबला, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या गाडीच्या भागाला, टेकतो तो, यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. टेकणारा भाग चिरेपेक्षा बाहेरच्या अंगाला असेल तर ऑफसेट धन, म्हणजे अधिक चिन्हाचा. आता गंमत बघा. आकडा वाढला की चाक आत जातं, आणि आकडा कमी झाला की बाहेर येतं. म्हणजे बाहेर यायचं असेल तर कमी मागायचं. हे मला पटायला तीन दिवस लागले. रिमवर हा आकडा 'ईटी ४५' असा कोरलेला असतो. ईटी हे 'आइनप्रेसटीफे' या जर्मन शब्दाचं लघुरूप. हा शब्द मी पाठ केला आणि रात्री जेवताना सहज म्हणून वापरला. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

टायरचा आकडा तर त्याहून वरचढ. माझ्या टायरवर लिहिलं होतं २०५/५५ आर १६. यातले २०५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ ही बाजूच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. आणि १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एका ओळीत तीन मापं, आणि एकाचंही दुसऱ्याशी बोलणं नाही. बाही सेंटिमीटरमध्ये, गळा बाहीच्या टक्क्यांत आणि छाती इंचांत सांगितली, तर शिंपी आपल्याला कात्रीसकट बाहेर काढेल. मधला 'आर' म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या दोऱ्यांची एक मांडणी. मी इतकी वर्षं तो त्रिज्येचा समजून लोकांना आत्मविश्वासाने समजावत आलो होतो, हे इथेच कबूल करून टाकतो.

तर मित्राचा सल्ला असा: मूळ रिम साडेसहा इंच रुंद, ऑफसेट ४५, त्याऐवजी आठ इंची, ऑफसेट ३५, रिम सतरा इंचाची.

"बसतंय," तो म्हणाला.

या दुनियेत दोनच क्रियापदं आहेत. बसतंय आणि घासतंय. पहिलं रिम विकत घेण्याआधी वापरतात, दुसरं नंतर.

मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर मी रात्री गणित मांडलं. रुंदी दीड इंचाने वाढली, म्हणजे ३८ मिलिमीटर. ती दोन्ही बाजूंना वाटली तर १९ आणि १९. ऑफसेट दहाने कमी, म्हणजे सगळं चाक दहा मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरच्या बाजूला २९, आतल्या बाजूला ९. बाहेर मडगार्डची कड वाट बघतेय, आत सस्पेन्शनचा दांडा. या दोघांमध्ये राहायचं म्हणजे सासू-सुनेत मध्यस्थाने राहायचं.

उंचीचा प्रश्न त्यामानाने भला निघाला. जुन्या टायरचा व्यास ६३२ मिलिमीटर. सतरा इंची रिमवर २२५/४५ घातला तर ६३४. दोनाचा फरक, त्यातला वर एकच. कुणीतरी २०५/४० घे म्हणून सांगितलं, तो बारीक दिसतो म्हणे. बारीक म्हणजे व्यास ५९६. व्यास ३६ ने कमी झाला की चाकाचा माथा १८ ने खाली जातो. म्हणजे पदरमोड करून जी फट कमी केली ती पुन्हा एका बोटाने वाढणार आणि वर गाडीचं पोट तितकंच जमिनीकडे जाणार. शिवाय स्पीडोमीटरचा काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी ९४ नेच चालत असेल. यातला शेवटचा मुद्दा बायकोला फार आवडला.

मध्येच एक देखणी रिम हाती लागत होती, पण तिचे बोल्ट ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर, आणि माझ्या हबचे ११४.३ च्या. मित्र म्हणाला, बसतंय. तेवढ्यापुरता मी त्याचा शिष्य राहिलो नाही. जवळजवळ सव्वा मिलिमीटरने प्रत्येक बोल्ट तिरका ओढून बसवायचा आणि मग त्या चाकावर घरची माणसं न्यायची, ही गंमत नव्हे.

शेवटी प्रयोग करायचं ठरलं. मित्राने त्याची एक आठ इंची रिम टायरसकट उसनी दिली, ती मागच्या उजव्या बाजूला चढवली. मुलीच्या खेळण्यातली हिरवी क्ले घेतली, मळली, तिच्या सुपारीएवढ्या गोळ्या केल्या आणि मडगार्डच्या आतल्या कडेला आणि सस्पेन्शनच्या दांड्याला चिकटवल्या. कल्पना अशी, की चाक जिथे जवळ येईल तिथे गोळी चेपली जाईल आणि उरलेल्या जाडीवरून जागा कळेल. आता चाक वर जायला मागे वजन हवं. आई, बाबा, बायको, तिघांना मागे बसवलं. बाबांनी विचारलं, "जायचं कुठे आहे?" कुठेच नाही म्हटल्यावर ते चष्मा पुसत बसले. मग मी गाडी अंगणात पुढे-मागे घेतली, उंचवट्यावरून एकदा हळूच आणि एकदा जरा हिमतीने.

उतरून बॅटरी मारून पाहिलं. दांड्यावरच्या गोळ्या जशाच्या तशा, वर मुलीच्या बोटांचे ठसेसुद्धा शाबूत. मडगार्डच्या कडेची गोळी मात्र उभी कापली गेली होती, सुरीने कापावी तशी, आणि टायरच्या खांद्यावर हिरवी रेघ उमटली होती. मी ती रेघ नखाने खरवडत होतो. मागून मुलगी म्हणाली, "ही माझी क्ले आहे."

"कड रोल करू," मित्र म्हणाला. म्हणजे हबला एक दांडा बोल्टने बसवायचा, त्याच्या टोकाला रूळ, आणि तो फिरवत फिरवत मडगार्डची आतली कड वर दुमडत न्यायची. आधी हीट गनने रंग तापवून घ्यायचा, नाहीतर तो तडकतो. मित्राने हीट गन माझ्या हातात दिली. मी दोन मिनिटं माझ्या गाडीकडे आणि हीट गनकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती परत केली. शस्त्रक्रियेला रुग्णाच्या बापाने उभं राहू नये.

मग तडजोड. साडेसात इंची रिम, ऑफसेट ४२. बाहेर १६, आत १०. मित्र वहीतला आकडा पाहून म्हणाला, "आजोबांची गाडी होईल." हे मी बाबांना सांगितलं नाही.

नव्या रिम चढल्यावर चाकांचं अलाइनमेंट. गाडी खाली आली की चाकांचे माथे आत कलतात (या कलण्याला कॅम्बर म्हणतात), टो, म्हणजे चाकांची तोंडं समोर नेमकी कुठे वळलीत ते, बिघडतो आणि टायरची आतली कड आधी झिजते, हे मी एव्हाना तोंडपाठ केलं होतं. म्हणून अलाइनमेंटवाल्यासमोर मी कॅम्बर हा शब्द दोनदा वापरला. त्याने पडद्यावरचे लाल आकडे पाहिले, वाकून खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, खाली का घेतली?"

एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, टो तेवढा नीट करा.

गाडी आता सुरेख दिसते. एकटा असलो की आवाज नाही, दोघं असलो की नाही. मागे तिघं बसले, वळण आलं आणि वळणात खड्डा आला, तरच उजवीकडून 'खर्र' असा एक आवाज येतो. पहिल्यांदा आला तेव्हा सगळे गप्प झाले. मग मुलगी म्हणाली, "घासतंय." शब्द बरोबर वापरला होता, त्यामुळे मला रागावताही येईना.

तेव्हापासून मागच्या सीटवर जागा ठरल्या आहेत. बाबा डावीकडे, मुलगी उजवीकडे, सामान पुढे. आई दार उघडते आणि बसायच्या आधी विचारते, "आज वजन कुठे टाकू रे?"