‘दहा सेकंदांत वाटेला लावलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलीने वाचून दाखवला. एक स्टार. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची रोगट रोपं गळ्यात मारली, तीन आठवड्यांत पानं पिवळी पडून गळायला लागली, दाखवायला आणली तर ‘दुकानातल्या बाईंनी’ दहा सेकंदांत ‘पाणी जास्त झालंय’ म्हणून वाटेला लावलं, असं तुम्ही लिहिलंय. रोपं हातची जातात तेव्हा कसं वाटतं ते मला माहीत आहे. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण सर, दहा सेकंद नाही हो. गल्ल्यावरचा कॅमेरा आज सकाळी मुद्दाम बघितला. तुम्ही 11 वाजून 42 मिनिटांनी आत आलात आणि 11 वाजून 49 ला गेलात. सात मिनिटं झाली. त्यातली दोन तुम्ही फोनवर होतात, ती मी धरत नाही. तरी पाच उरतात. रविवार होता, मागे चार गिऱ्हाइकं कढीपत्त्याची रोपं हातात घेऊन उभी होती.

त्या पाच मिनिटांत काय केलं ते सांगते, कारण मी काही केलंच नाही असं वाचणाऱ्याला वाटेल. तुम्ही पिशवीतून एक टोमॅटो आणि एक मिरची मातीसकट उपटून आणली होती. पहिल्यांदा मी पानं उलटी करून बघितली. पांढरी माशी नव्हती, फुलकिडे नव्हते, मिरचीचा शेंडा चुरडलेला नव्हता. मग पान उजेडाला धरलं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असता, तर जुन्या पानांवर मॅग्नेशियम आणि शेंड्याच्या कोवळ्या पानांवर लोह कमी पडलंय असं म्हटलं असतं. तुमची खालची पानं शिरांसकट पिवळी होती, शेंडा अजून हिरवा. हे नत्राच्या कमतरतेसारखं दिसतं. म्हणूनच तुम्ही आधी युरिया टाकलात, त्यात तुमची चूक म्हणत नाही, बहुतेक जण तेच करतात. पण जास्त पाण्याने मुळं गुदमरली की मातीत असलेलं नत्रही झाडाला उचलता येत नाही. वर युरिया घातला तर उरलीसुरली मुळंही भाजतात.

मग मी ती माती मुठीत दाबली. बोटांतून पाणी गळलं आणि बिलबुकाचं पान भिजलं. ते पान अजून तसंच आहे, वाळून चुरगळलेलं, तुमच्याच बिलाच्या पुढचं. मिरचीचं एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल सुटून हातात आली आणि आत दोऱ्यासारखं तेवढं उरलं. चांगलं मूळ पांढरं असतं आणि असं सुटत नाही, हे कुजलेलं होतं. वास तुम्हालाही आला होता, तुम्ही तोंड फिरवलंत. रोप पिवळं न पडता हिरवंच उभ्या उभ्या कोमेजलं असतं तर मी खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं असतं. मर रोग जिवाणूचा असेल तर दुधासारखी बारीक धार सुटते. इथे त्याची गरजच नव्हती.

माती कुठली हे मी विचारलं. तुम्ही म्हणालात गावाकडची काळी, एक नंबर. सर, शेतात ती एक नंबरच आहे. कुंडीत नुसती काळी भरली की पाणी धरून बसते, सुकली की दगड होते. त्यात खाली ताटली, कारण पाणी गळलं की खालच्या मजल्यावरचे ओरडतात, हेही तुम्हीच सांगितलंत. दोन वेळा पाणी आणि वरून पाऊस.

राहिला ‘रोगट रोपं’चा विषय. त्याच 98 खणांच्या ट्रेमधली सहा रोपं मी फाटकाजवळ लावली आहेत, टोमॅटोला कळ्या आल्यात. येऊन बघा. दिंडोरी, पिंपळगावकडचे टोमॅटोवाले आमच्याकडून ट्रे नेतात. आणि मी दुकानातली बाई नाही, नर्सरी माझी आहे. 2009 पासून. शेतकीची पदवी नाही, ते खरं.

आता माझी चूक. तुम्ही टाकलेल्या तिसऱ्या फोटोतला टोमॅटो हा तुम्ही आणलेला नाही, तो दुसरा आहे. त्याच्या खालच्या पानावर तपकिरी ठिपके आहेत, ठिपक्यात एकात एक वलयं आणि भोवती पिवळी कड. तो करपा आहे, बुरशीचा रोग, लवकर येणारा. ते पाण्याचं काम नाही. घरी बाकीची रोपं कशी आहेत, हे मी विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही. गर्दीत राहून गेलं. गेल्या वर्षीही त्याच कुंडीत टोमॅटो होता असं तुम्ही म्हणाला होतात, तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. ही बुरशी जुन्या पाल्यात टिकते आणि पाण्याच्या शिंतोड्यांनी खालच्या पानांवर चढते. डागाळलेली पानं कात्रीने काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टच्या डब्यात नको. पाणी बुडाशी घाला, पानांवर नाही. ते रोप वाचू शकतं. मिरचीचं सांगता येत नाही.

हा सीझनचा महिना आहे. आज सकाळीच एका ताईंनी फोनवर विचारलं, तुमच्याकडची रोपं मरतात म्हणे? काय सांगणार त्यांना? वीस रुपयांच्या रोपामागे बियाणं, कोकोपीट, ट्रे आणि ढोबळीचे पस्तीस-चाळीस दिवस असतात.

रविवारी गल्ल्यावर आणखी कोणी बसवायचं बघतो आहोत. माती कशी भरायची याचा एक कागदही बिलासोबत द्यायचा विचार आहे, मुलगी करून देणार आहे.

तुम्हाला चार रोपं बदलून देते, पैसे नकोत. फक्त मंगळवार-बुधवारी या, कुंडीतली मूठभर माती घेऊन या. आणि ताटली आजच काढा.