दोन चुलतभाऊ आणि एक घमेलं
पानी फाउंडेशनने गावोगावचे शेतकरी गट एकमेकांना जोडले, हा लेख आवडला, पण सुरुवात उरकून टाकलीत. २०१६ चा पहिला वॉटर कप, म्हणजे श्रमदानातून पाणी अडवायची गावागावांतली स्पर्धा, वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या ३ तालुक्यांतच झाला, पहिलं आलं कोरेगावातलं वेळू. आमच्याकडे श्रमदान नंतर सुरू झालं. बांधावरून कैक वर्षं अबोला धरलेले दोन चुलतभाऊ एका रांगेत उभे. बोलले नाहीत, पण मातीनं भरलेलं घमेलं या हातातून त्या हातात गेलं! आता फार्मर कप या त्यांच्याच गटशेतीच्या स्पर्धेमुळे बियाणं गटानं घेतो, मोबाइलवर शेतीशाळेला बसतो. तिथं प्रश्न विचारायला बाया पुढं आणि आम्ही गडी (मीही त्यातलाच) रेंज नाही म्हणून गप्प.