पॉलिशिंगने वांग जात नाही
एका लेखात मायक्रोडर्माब्रेजनने, म्हणजे मशीनने चेहरा घासून करतात त्या पॉलिशिंगने, वांग, पिंपल्सचे खड्डे, डाग सगळं जातं असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. अहो यात हिऱ्याच्या टिपने किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक कणांनी फक्त सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर घासला जातो, तो थर गालावर मिलिमीटरच्या 50व्या भागाइतकाही जाड नसतो, मग खाली खोल गेलेला खड्डा त्याने भरणार कसा? चेहरा मऊ लागतो, चमक येते हे खरंय, पण तेवढंच.

माझ्या धाकट्या बहिणीला बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आला, पार्लरवाल्या ताईंनी सहा सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारलं, तिसऱ्या सिटिंगनंतर गाल लाल झाले आणि मग डाग आधीपेक्षा गडद. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेला जरा जास्त घासलं की ती जागा काळी पडते हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं ना! वांगाचं रंगद्रव्य बऱ्याचदा खालच्या थरातही असतं आणि ऊन, हार्मोन्स त्याला परत परत उठवतात. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी घासणं बंद करून रोज सनस्क्रीन आणि लावायचं औषध दिलं, सात-आठ महिन्यांनी बराच फिका झाला.

आणि पू भरलेले पिंपल्स असताना तर हे अजिबात करू नका, जास्तच चिघळतात. लग्न पंधरा दिवसांवर आलेल्या मुलींनी तरी प्लीज आधी डॉक्टरांना दाखवा.