‘लोकांनाच फाशी हवी आहे’ : मोहनरावांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मोहनराव, तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तर दोन ओळींत उरकणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात बहुसंख्य लोकांना फाशीच हवी असते, लोकशाहीत तेच चाललं पाहिजे, न्यायाधीश मात्र ‘दुर्मिळातलं दुर्मिळ’चा (फाशी फक्त अगदी विरळा प्रकरणातच, या निकषाचा) घोशा लावून ती टाळतात, आणि महाराष्ट्राचा शक्ती कायदा (बलात्काराला फाशी आणि तपासाला कमी मुदत देणारं विधेयक) लागू झाला असता, दयेचा अर्जच बंद केला असता, तर वर्षानुवर्षांची रखडपट्टी संपली असती. शिवाय ‘लोकांना अडाणी ठरवू नका’ असा टोलाही आहे. तो मान्य. फाशीवरच्या मूळ लेखात लोकमताला सरसकट ‘संतापाच्या भरातलं’ म्हटलं गेलं, ते चूकच होतं.

लोकमताची जागा कुठे, इथे मात्र आपलं जमत नाही. कायदा करताना त्याला पूर्ण जागा आहे. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने २०१३ साली बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती. तरी संसदेने पीडितेचा मृत्यू झाला किंवा ती कायमची अचेतन अवस्थेत गेली तर, आणि असा गुन्हा दुसऱ्यांदा केला तर, फाशीची तरतूद केली. २०१८ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलींवरील बलात्कार त्यात आला, २०१९ मध्ये पॉक्सोत (बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्यात) भर पडली. संसदेला तो अधिकार आहे. पण उलट्या दिशेचा प्रवासही याच संसदेने केलाय. १९५५ पर्यंत खुनाच्या आरोपीला फाशी न देता कमी शिक्षा दिली, तर न्यायाधीशाला त्याची कारणं लिहावी लागत. १९७३ च्या दंड प्रक्रिया संहितेने ते पार उलटं केलं: जन्मठेप हा नियम, आणि फाशी द्यायची तर ‘विशेष कारणं’ लिहा. म्हणजे ज्या ‘दुर्मिळातल्या दुर्मिळा’वर तुम्ही चिडलात, त्याचं मूळ लोकप्रतिनिधींनी केलेल्या कायद्यातच आहे. १९८० च्या बच्चन सिंग निकालाने त्यालाच शब्दरूप दिलं.

एका माणसाला शिक्षा ठरवताना लोकमत आणायचं म्हटलं की घोळ सुरू होतो. १९८३ च्या मच्छी सिंग निकालात ‘समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी’ हा शब्दप्रयोग आला आणि पुढे कित्येक निकालपत्रांत तो जसाच्या तसा उतरला. पण तिचा पुरावा काय? तिचा पंचनामा कोण करणार? मोर्चा निघाला, चॅनेलच्या गाड्या आल्या, की सदसद्विवेकबुद्धी हादरली; तोच गुन्हा गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावर घडला आणि बातमी चार ओळींची आली, तर नाही हादरली? महाराष्ट्रातूनच गेलेल्या बारियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितलं, की शिक्षा ठरवताना जनमत ही बाहेरची गोष्ट आहे. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणातही मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघांची फाशी रद्द करून उरलेलं आयुष्य तुरुंगात, अशी जन्मठेप दिली, तेव्हा नुसत्या जनक्षोभावर शिक्षा ठरवता येणार नाही हेच सूत्र होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२२ च्या मनोज निकालानंतर तर सत्र न्यायालयानेच आरोपीची मानसिक तपासणी, तुरुंगातली वर्तणूक, घरची परिस्थिती, शिक्षण हे सगळं कागदावर मागवायचं आहे. दोषी ठरवलं त्याच दिवशी दुपारी फाशी सुनावली, तर वरच्या कोर्टात ती डळमळते ती इथेच. फाशी टिकावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर या कागदांचा आग्रह धरायला हवा.

आता ‘बहुसंख्य लोकांना’बद्दल. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर फिरतं. जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाच्या पाहणीत ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोक फाशीच्या बाजूने दिसतात, पण पर्याय असतात ‘रद्द करावी’ किंवा ‘नाइलाज म्हणून असू द्यावी’. २०१९ मध्ये या दुसऱ्या गटातल्या जवळपास चाळीस टक्के लोकांनी पुढच्या प्रश्नाला, परिस्थिती बदलली तर भविष्यात रद्द करायला हरकत नाही, असं सांगितलं. मलेशियात फाशीचे अभ्यासक रॉजर हूड यांनी २०१३ मध्ये वेगळा प्रयोग केला. खुनाला सक्तीची फाशी असावी का, यावर निम्म्याहून जास्त लोक ‘हो’ म्हणाले; मग त्यांच्यापुढे तपशिलासह खुनाची प्रकरणं ठेवली, तेव्हा प्रत्येक प्रकरणात फाशीच निवडणारे थोडेच उरले. मलेशियाने २०२३ मध्ये सक्तीची फाशी काढली, फाशी ठेवली. लोक अडाणी नव्हते, प्रश्न अर्धवट होता.

रखडण्याबद्दलचा तुमचा राग मात्र शंभर टक्के रास्त आहे. फक्त तो चुकीच्या खिडकीवर जातोय. पुण्यातलं २००७ चं बीपीओ कर्मचारी तरुणीच्या बलात्कार-खुनाचं प्रकरण घ्या. सत्र न्यायालयाची फाशी मार्च २०१२ ची, उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाचं मे २०१५ मध्ये. म्हणजे फाशी सुनावल्यापासून इथवर कोर्टाचं काम सव्वातीन वर्षांत आटोपलं! पुढे राज्यपालांनी दयेचा अर्ज मार्च २०१६ मध्ये फेटाळला, राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये. यानंतर उरतं काय, तर सत्र न्यायालयाचं वॉरंट. ते निघालं एप्रिल २०१९ मध्ये, २४ जूनच्या फाशीसाठी. मधली जवळपास दोन वर्षं तुरुंग प्रशासन आणि सत्र न्यायालय यांच्यातल्या पत्रव्यवहारात गेली. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या विलंबापायी फाशी रद्द करून पस्तीस वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी २०२२ मध्ये रद्द झाली, तीही सरकारी विलंबावरच. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालापासून हा नियम स्पष्ट आहे: दयेच्या अर्जावर कारण नसताना झालेला उशीर हा जन्मठेपेचा आधार ठरतो. फाईल दाबून बसणारा कारकून आरोपीला वाचवतो, मानवाधिकारवाला नव्हे.

म्हणून ‘दयेचा अर्जच बंद करा’ या सूचनेला अर्थ नाही. राष्ट्रपती आणि राज्यपालांना दयेचा अधिकार देणारी राज्यघटनेची ७२ आणि १६१ ही कलमं विधिमंडळाच्या कायद्याने पुसता येत नाहीत. दंड प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मध्ये मुदती आल्या आहेत, त्याही नीट वाचा. केंद्राने शिफारस साठ दिवसांत करायची, पण ते साठ दिवस राज्याचा अभिप्राय आणि कागदपत्रं पोचल्यापासून मोजायचे. राज्याने अभिप्राय किती दिवसांत द्यायचा? तिथे आकडा नाही. राष्ट्रपतींनाही मुदत नाही. मोर्चा काढायचाच तर या रिकाम्या जागेसाठी काढा. पुण्याच्या प्रकरणातल्या २०२४ च्या निकालाने प्रत्येक राज्याच्या गृह किंवा तुरुंग खात्यात दया अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष करायला सांगितला आहे. आपल्या आमदारांना त्याबद्दल विचारता येईल.

शक्ती विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात तपासाला पंधरा दिवस होते. डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या रूपात ते तीस झाले. का वाढले? मुद्देमाल कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जायचा, डीएनए अहवाल यायचा, ओळख परेड तहसीलदारांची वेळ मिळेल तेव्हा व्हायची. प्रयोगशाळेत माणसं न वाढवता मुदत छाटली की तपास अधिकारी हाती आहे तो आरोपी बसवून दोषारोपपत्र टाकतो. महाराष्ट्रातल्याच २००३ च्या एका दरोडा-खुनात प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार माणसं ओळखली होती. त्या चौघांचा तपास झालाच नाही. उभे केले गेले भलतेच सहा जण, भटक्या जमातीतले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी ठोठावली आणि त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई देऊन. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. २००९ मध्ये लोकमत विचारलं असतं तर काय आलं असतं, हे तुम्हीही जाणता.

आणि ज्या बलात्कारात खून झालेला नाही, तिथे फाशी आणण्याचा धोका वर्मा समितीपुढेही मांडला गेला होता: दोन्ही गुन्ह्यांना एकच शिक्षा असेल तर एकमेव साक्षीदार जिवंत ठेवण्यात गुन्हेगाराचा काहीच फायदा उरत नाही. बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचा, कधी घरातलाच असतो. काकाला फाशी होईल म्हटल्यावर आईच पोरीला गप्प बसवते.

जाता जाता एक दुरुस्ती. दयेच्या अर्जाला सात दिवसांची मुदत, असं मूळ लेखात होतं. ती जुन्या कार्यपद्धतीतली. कलम ४७२ नुसार ती तीस दिवस आहे. लेखात बदल केला आहे.