घरगुती काडतुसे (ऑर्डर स्वीकारली जात नाही)

हिशेब ठेवणाऱ्या नवऱ्याला आपल्या छंदाच्या आसपास फिरकू देऊ नये. टेक्सासमध्ये आमच्या गावाबाहेर एक रेंज आहे, तिथं मी नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या मॅचेस खेळते. व्हिसावर होतो तोवर मी या वाटेला गेले नाही. ग्रीन कार्ड आल्यावर मात्र आधी पिस्तूल आलं, सोफा नंतर. नवऱ्याला बंदुकांचं प्रेम अजिबात नाही. त्याचं प्रेम एक्सेलवर. एका रविवारी त्यानं माझ्या काडतुसांच्या पावत्या जमिनीवर मांडल्या आणि किंचाळला, "अगं, पितळ तर तू तिथंच टाकून येतेस!"

त्याचं खोटं नव्हतं. काडतुसात चारच जिन्नस: पितळेची पुंगळी, बुडाला ठिणगी पाडणारा प्रायमर, पोटात दारूची पावडर आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की बाकीचे तिघे खर्ची पडतात, पुंगळी तेवढी शाबूत राहते. तिला दाबून परत मापात आणायचं, नवा प्रायमर, नवी पावडर, नवी गोळी, की झालं काडतूस. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवानाही लागत नाही. विकायची म्हटली की लागतो, त्यामुळे भिशीतल्या बायकांकडून ऑर्डरी घ्यायची सोय नाही, एवढंच.

कोल्हापुरात एनसीसीत असताना पॉइंट टू टू रायफल मारायचो, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्या काडतुसात प्रायमरचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे पुंगळी दुसऱ्यांदा कामाला येत नाही. तरी फायरिंग संपलं की एकेक पुंगळी मोजून परत द्यावी लागायची. एक कमी भरली की अख्खी तुकडी गवतात ओणवी. निरुपयोगी पितळेची ती बडदास्त, आणि इथं उपयोगाची पितळ मी बुटाखाली तुडवत होते. नवऱ्याच्या शीटवर लाल रंग चढला तो याच रकान्यात.

शेजारच्या आजोबांनी सल्ला दिला होता. साध्या एका डायच्या, म्हणजे एका साच्याच्या, प्रेसवर ते वर्षानुवर्षं काडतुसं भरताहेत. एक काम सगळ्या पुंगळ्यांवर करायचं, मग डाय बदलून दुसरं. "घाई कसली आहे?" असं ते म्हणाले. आयटीवाल्याला असं विचारू नये. नवऱ्यानं प्रोग्रेसिव्ह प्रेस मागवला. यात पाच पुंगळ्या एका गोल ताटलीवर उभ्या राहतात. दांडा एकदा खाली ओढला की पाचही ठिकाणी पाच वेगळी कामं होतात, ताटली एक घर पुढे सरकते आणि तयार काडतूस टपकन डब्यात पडतं. निदान व्हिडिओत पडत होतं.

आमच्याकडे पहिल्या ओढीला दांड्याबरोबर टेबल आलं. ते भिंतीच्या लाकडी खांबांना बोल्टनं जखडलं. मग ताटली अर्ध्या घरावर अडायला लागली. तिचं टायमिंग जुळवलं तर पुंगळीचं तोंड डायच्या कडेवर आपटून चेपायला लागलं. पाच कामं एका दमात करणाऱ्या यंत्राचा स्वभाव असा, की चुकायचं झालं तरी ते पाच ठिकाणी एका दमात चुकतं.

पण खरा छळवादी म्हणजे प्रायमर. मसुरीच्या दाण्याएवढी ही पितळी टोपी. आधी तबकडीत ओतून, तबकडी हलवून हलवून सगळ्यांची तोंडं एका बाजूला करायची. मग बारीक नळीच्या टोकानं टुकटुक टिपत शंभर भरायच्या आणि ती नळी प्रेसवर उपडी करायची. यातली एखादी उलटी गेली तर तुमचं काडतूस मॅचमध्ये नुसतं 'टिक' म्हणतं. हातोडीनं ठोकायची वस्तू नव्हे ही, चष्मा लावल्याशिवाय जवळही जायचं नाही. आणि नेमकी हीच प्रेसमध्ये तिला पुढे सरकवणाऱ्या पट्टीवर अडकते. जुन्या प्रायमरची काजळी खाली सांडते, पट्टीच्या फटीत जाते, पट्टी निम्म्यात थांबते. ब्रशनं साफ करा, परत लावा, चार काडतुसं निघतात आणि पाचवीला दांडा ताठ.

२०२०-२१ मध्ये दुकानांतून प्रायमर गायब झाले होते आणि मिळाले तर अव्वाच्या सव्वा भावानं. त्या काळात आमच्या घरी मुलाच्या पडलेल्या दाताइतकीच काळजी गॅरेजात सांडलेल्या प्रायमरची घेतली जायची. टॉर्च लावून शोधायचा, मोजणी जुळली की जेवायचं.

दांडा अडला की पुढचं काम चेष्टेचं नाही. ताटलीवर अर्धवट भरलेल्या पुंगळ्या असतात. कुणात पावडर पडली, कुणात नाही? पडली नसेल तर गोळी पिस्तुलाच्या नळीत रुतून बसते आणि मागून दुसरी मारली तर पिस्तूल फुटू शकतं. दोनदा पडली असेल तर पहिल्याच बाराला फुटू शकतं. म्हणून 'बहुतेक पडली असेल' हे वाक्य आमच्या गॅरेजात उच्चारायला बंदी आहे. सगळ्यांतली पावडर काढायची, नव्यानं सुरुवात. गोळी बसून गेली असेल तर काडतूस प्लॅस्टिकच्या पोकळ हातोड्यात घालून लाकडावर आपटायचं, म्हणजे झटक्यानं गोळी सुटते. रात्री अकराला हे ठक् ठक् सुरू झालं की आजोबांचा कुत्रा भुंकतो आणि आजोबांच्या खिडकीत दिवा लागतो. ते काही बोलत नाहीत. हेच जास्त लागतं.

अशात सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी. आता गॅरेजला कुलूप, असं मला वाटलं. त्यांनी मात्र दारातूनच विचारलं, "हे काय गं मांडलंयस?"

मी पावडर मोजायच्या डिजिटल काट्याशी झुंजत होते. या काट्याला एसीचा वारा सोसत नाही, शेजारी ठेवलेला मोबाइल सोसत नाही, आणि गरम व्हायच्या आत माप घेतलं तर तो मनाला येईल ते सांगतो. इथलं माप ग्रेनमध्ये, तेही दशांश एकपर्यंत. म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमची बात. सासूबाईंना ग्रेन समजेना, तेव्हा नवऱ्यानं शोधून सांगितलं की इंग्रजांच्या हिशेबानं एका तोळ्याचे १८० ग्रेन.

"म्हणजे ही गोळी?"

"एकशे चोवीस ग्रेनची, आई."

"तोळ्याला कमीच की." त्यांनी गोळी तळहातावर तोलून बघितली. गुजरीतल्या सोनाराला आयुष्यभर घाम फोडलेली बाई ती. एकच वजन दोनदा ठेवून वेगळा आकडा आल्याबरोबर त्यांनी निकाल दिला, "हा काटा चोर हाय." दुसऱ्या दिवशी मी तराजूच्या दांडीचा जुन्या पद्धतीचा काटा आणला. तो हळू आहे, पण वाऱ्याची झुळूक सोडली तर कशालाही भीत नाही.

मला धास्ती होती ती नियमांची. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. त्यामुळे गॅरेजातले बूट घरात नाहीत, तिथं खाणं-पिणं नाही, बाहेर येताना आधी हात धुवायचे, ते कपडे वेगळे धुवायचे, आणि भरताना कुणी बोलायचं नाही. हे सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "सोवळं म्हण की. आमच्या आत्याबाईंचं असंच असायचं." आणि पदर खोचून बसल्या. नवरा मात्र अजून चहाचा कप घेऊन आत येतो आणि हाकलला जातो.

तांदूळ निवडून मुरलेल्या डोळ्यांना पुंगळ्या म्हणजे काहीच नाहीत. "मी निवडतो की, दे इकडं," म्हणाल्या आणि बादली पुढ्यात ओढली. नऊ मिलिमीटरची पुंगळी १९ मिलिमीटर उंच, तर थ्री एटी (.३८०) या धाकट्या काडतुसाची १७. बाकी दिसायला सारखीच. ती नजरचुकीनं प्रेसवर गेली की गोळी सैल बसते. सासूबाई चष्मा न लावता ती बोटानं ओळखतात. काही पुंगळ्यांत आत एकाऐवजी दोन बारीक छिद्रं असतात. तिथं जुना प्रायमर पाडायची सुई मोडते. त्याही बाहेर. पण त्यांचं खरं वैर जडलं ते बुडावर वर्तुळात अधिकचं (+) चिन्ह असलेल्या पुंगळ्यांशी. हा नाटोचा माल. लष्करी काडतुसात प्रायमर हलू नये म्हणून भोवतीचं पितळ आत ठेचलेलं असतं. जुना प्रायमर निघतो, ठेच तशीच राहते, आणि नवा आत शिरेना की दांडा अडतो. ती ठेच काढायचं वेगळं हत्यार मिळतं. सासूबाईंचं मत, एवढे लाड कशाला?

त्यांनी बादली हाती घेतल्यापासून दांडा अडणं जवळजवळ थांबलं. नवऱ्यानं शीटमध्ये बचतीचा नवा आलेख काढला. त्यात प्रेस, दोन्ही काटे आणि टेबलाचे बोल्ट धरलेले नाहीत, याकडे मी लक्ष वेधलं. तो रकाना त्यानं लपवलाय.

गेल्या मॅचला सासूबाई कानाला मफ्स आणि डोळ्याला चष्मा लावून आल्या. माझा नेम त्यांनी पाहिलाच नाही, त्यांचं लक्ष उडणाऱ्या पितळेवर. फेरी संपून रेंज मोकळी झाली तशा त्या नऊवारी सावरत गवतात उतरल्या. काऊबॉय टोपीतला एक धिप्पाड गृहस्थ आपली पिशवी घेऊन तिथंच वाकला होता. दोघं एकाच ढिगापाशी आले. त्यांनी त्याला हातानंच थांबवलं, ढीग चाळला, एकेक बूड उन्हाकडं धरून बघितलं आणि वर्तुळात अधिकचं चिन्ह असलेल्या सगळ्या पुंगळ्या वेचून मोठ्या मनानं त्याच्या पिशवीत टाकल्या. तो तीनदा 'थँक यू मॅम' म्हणाला.